फोटोच्या पाठीवर काय लिहिलंय?

पुण्याच्या आमच्या घरात भिंतीवर आजोबांच्या शेजारी आजीचा फोटो आहे. चंदनी हार घातलेला. आजी २००४ साली गेली तेव्हा मी इथे मिनेसोटात होतो. व्हिसाचे कागद मधल्यामध्ये अडकले होते, त्यामुळे तेराव्यालासुद्धा पोचलो नाही. दोन वर्षांनी घरी गेलो आणि भिंतीवर तो फोटो बघितला. बघताक्षणी लक्षात आलं, अरे, हा फोटो तर मला माहीत आहे!

१९९८ साली मी पहिल्यांदा अमेरिकेला निघालो, त्या संध्याकाळी अंगणात काढलेला तो फोटो. मूळ फोटोत आजी माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझा दंड घट्ट धरला होता. फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्याने मला कापून काढलं. मागची तारेवर वाळत घातलेली धुणी पुसून तिथे आकाशी रंग भरला. आजीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढून टाकल्या. नीट बघितलंत तर उजव्या कडेला माझ्या निळ्या शर्टाची बोटभर पट्टी अजून दिसते.

यात स्टुडिओवाल्याची काही चूक नाही. घरातलं माणूस गेलं की दहा दिवसांत फ्रेम लागते आणि आजीचा एकटीचा फोटो घरात नव्हताच. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात एकही नाही. असो.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला गेलो होतो, तेव्हा माझ्या मुलीने त्या फोटोकडे बघून विचारलं, "पणजी नेहमी अशी चिडलेली असायची का?" मी म्हटलं, छे, ती खूप प्रेमळ होती. कष्टाळू होती. सगळ्यांचं करायची. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की हे तर आपण वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीचं वाचन करतोय. मुलीने मान डोलावली आणि ती पुन्हा फोनमध्ये गेली. तिचंही बरोबर होतं. प्रेमळ आणि कष्टाळू तर सगळ्यांच्याच पणज्या असतात.

त्या प्रश्नामुळे मी शेवटी स्क्रॅपबुक करायला बसलो. हसू नका. पन्नाशीचा सॉफ्टवेअरवाला माणूस हातात नक्षीदार कात्री घेऊन बसला आहे, हे दृश्य विनोदी आहे हे मला मान्य आहे. माझी बायको अजून हसते.

स्क्रॅपबुकला मराठीत 'चिकटवही' असा अगदी नेमका शब्द आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ती केलेली असते. मोर, ताजमहाल, लोकमान्य टिळक, गव्हाच्या लोंब्या. जे हाताला लागेल ते खळ लावून चिकटवायचं. अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा उद्योग आहे आणि तो बराच जुना आहे. मार्क ट्वेनने १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करा आणि कात्रण चिकटवा! हल्लीचं स्क्रॅपबुकिंग मात्र युटा राज्यातून आलं. मॉर्मन पंथात पूर्वजांची नोंद ठेवणं हे धार्मिक कर्तव्य समजतात. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत अशा नोंदींविषयीची जागतिक परिषद भरली होती. तिथे स्पॅनिश फोर्क नावाच्या गावच्या एका कुटुंबाने आपल्या घरचे अल्बम मांडले आणि बघणार्‍यांना ती कल्पना आवडली. १९८७ साली आमच्या मिनेसोटातल्या सेंट क्लाउडमध्ये क्रिएटिव्ह मेमरीज ही कंपनी निघाली. टपरवेअरसारख्या घरोघरी पार्ट्या करून ती अल्बमचं सामान विकायची. मग या सामानाची मोठाली दुकानं आली. नंतर लोकांच्या खिशात कॅमेर्‍याचे फोन आले आणि हा धंदा उतरणीला लागला. पण इथे हिवाळा पाच महिन्यांचा असतो आणि शनिवारी दुपारी बाहेर उणे वीस असतं, त्यामुळे हा छंद काही पूर्ण मेलेला नाही.

आमच्या शेजारीणबाई निवृत्त नर्स आहेत. त्यांच्या तळघरात महिन्यातून एकदा सात-आठ बायका आपापले फोटो घेऊन जमतात. या बैठकीला त्या 'क्रॉप' म्हणतात, कारण फोटो कापण्याचं काम तिथे चालतं. मी हा शब्द ऐकला आणि मला आमचा स्टुडिओवाला आठवला.

आता माझ्याकडच्या फोटोंविषयी सांगतो. सहकारनगरचं घर २०२२ साली पुनर्विकासाला गेलं. तेव्हा बाबांनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि दोन अल्बम माझ्या हवाली केले. "तू बघ याचं काय करायचं ते," एवढंच म्हणाले. ते सगळं मी सामानात न टाकता मांडीवर ठेवून मिनियापोलिसला आणलं. सुरक्षा तपासणीत डबा उघडायला लावला. त्या माणसाने वरचे दोन-चार फोटो बघितले आणि काही न बोलता झाकण लावून दिलं.

डब्यात आणि अल्बममध्ये मिळून ३१२ फोटो निघाले. इंजिनिअर असल्यामुळे मी आधी त्यांची यादी केली. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की १९६१ च्या आधीचा जवळजवळ एकही फोटो नाही. कारण पुणेकरांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आमचं बिर्‍हाड तेव्हा नारायण पेठेत एका वाड्यात होतं. मातीच्या भिंती भिजल्या आणि बसल्या. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो, आत्याच्या आणि बाबांच्या लहानपणचे फोटो, सगळं चिखलात गेलं. पुढे पूरग्रस्त म्हणून सहकारनगरात जागा मिळाली. त्यामुळे आमच्या घराचा फोटोंमधला इतिहास पानशेतनंतर सुरू होतो. आजी तेव्हा सदतीस वर्षांची होती. म्हणजे फोटोंच्या हिशेबाने तिला बालपण नाही, तारुण्य नाही, एकदम चार मुलांची आईच.

दुसरी गोष्ट मोजल्यावर कळली. ३१२ पैकी ८७ फोटोंत आजी आहे. त्यातल्या ६१ फोटोंत ती कडेला तरी आहे, दाराआड तरी आहे, नाही तर काहीतरी करते आहे. वाढते आहे, कोणाचं तरी मूल कडेवर घेऊन उभी आहे, औक्षणाचं तबक धरून आहे. सरळ कॅमेर्‍याकडे बघतानाचे फोटो फक्त नऊ.

याला एक साधं कारण आहे. काकांनी १९६६ साली आगफा क्लिक थ्री घेतला. हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला बनायचा. त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. रोल महाग, धुण्याचे पैसे वेगळे, त्यामुळे एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा. मग बारा फोटो कोणाचे काढायचे? मुंज झालेल्या मुलाचा, नवरा-नवरीचा, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा, नव्या स्कूटरचा. हो, स्कूटरचे एकटीचे तीन फोटो आहेत! स्वयंपाकघरात उजेड नसायचा, त्यामुळे तिथला फोटो येत नसे. आणि आजी तर दिवसातले दहा तास तिथेच. आजीकडे कोणी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं मी म्हणत नाही. पण कॅमेरा जे बघतो, ते घरच्यांच्या नजरेनेच बघतो. आमच्या घराने स्कूटरकडे जेवढं बघितलं, तेवढं तिच्याकडे बघितलं नाही.

हे सगळं घेऊन मी शेजारीणबाईंच्या तळघरात गेलो. सोबत दुकानातून आणलेलं सामान होतं. खोटे मोती, फुलांचे ठसे, कागदी लेस आणि 'आजीचं प्रेम' असं इंग्रजीत छापलेले सोनेरी स्टिकर. (बिलाचे डॉलर मी मनात रुपयांत मोजले. ही खोड सत्तावीस वर्षांत गेलेली नाही.) मी एक छानसा फोटो निवडला. सहकारनगरच्या घराच्या पायरीवर आजी आणि आणखी एक बाई हसत बसल्या आहेत, मधे सुपात शेंगा आहेत. आता कागदावर चिकटवणार, एवढ्यात शेजारीणबाईंनी विचारलं, "या कोण?"

"माझी आजी."

"नाव काय त्यांचं?"

मी आजीचं नाव सांगितलं. म्हणजे सासरचं.

"आणि या शेजारच्या?"

"माहीत नाही."

"मग आत्ता चिकटवू नका," त्या म्हणाल्या. "आधी लिहायचं, मग चिकटवायचं. आज तुम्हाला दोघींपैकी एक माहीत नाही. तुमच्या मुलीच्या मुलांना दोघीही माहीत नसतील."

मग त्यांनी स्वतःच्या आईचं एक पान दाखवलं. ठसे-मोती काही नाही. शेतावरच्या घराच्या मागच्या दारी बसून बटाटे सोलणारी एक बाई, आणि फोटोखाली त्यांच्या हातचा पंधरा-वीस ओळींचा मजकूर. आईचा सुरा कुठला होता, तो तिने कोणाला कधी हात लावू दिला नाही, बटाटे सोलताना ती नॉर्वेजियन भाषेत कोणाला शिव्या द्यायची आणि का. मी त्या बाईंना कधी बघितलेलं नाही. पण आज त्या मला माझ्या भिंतीवरच्या आजीपेक्षा जास्त ओळखीच्या वाटतात.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते एवढंच. फोटो म्हणजे आठवण नाही. आठवण आपल्या डोक्यात असते आणि फोटो ती नुसती जागी करतो. डोकं गेलं की उरतो तो एका अनोळखी बाईचा फोटो. फोटोच्या पाठीवर चार ओळी लिहिलेल्या नसतील, तर दोन पिढ्यांत तो मेलाच म्हणून समजा, मग त्याला कितीही भारी फ्रेम करा. अमेरिकन लोकांच्या या छंदात चोचले पुष्कळ आहेत, पण लिहिण्याचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे.

त्या रात्री (पुण्यातल्या रविवारी सकाळी) मी आत्याला फोन लावला. आत्या सर्वांत मोठी, आता ऐंशीच्या पुढे आहे. व्हिडिओवर एकेक फोटो धरून विचारत बसलो. शेंगावाल्या बाई म्हणजे समोरच्या घरातल्या. त्याही पूरग्रस्त, त्याही पेठेतूनच आलेल्या. "त्या दोघी दर गुरुवारी दुपारी सिनेमाला जायच्या," आत्या म्हणाली. "घरी सांगायच्या, देवळात जातोय म्हणून." माझी आजी! चोरून सिनेमाला! मी पंचवीस वर्षं तिच्या घरात राहिलो आणि मला हे माहीत नव्हतं.

मग मी विचारलं, "आत्या, आजीचं माहेरचं नाव काय होतं?" आडनाव मला माहीत होतं. मी विचारत होतो ते लग्नात तांदळात नवं नाव लिहिण्याआधीचं.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "आता वाईला फोटो असला तर त्याच्यावर असेल. मला ठाऊक आहे, पण खात्रीने विचारून सांगते."

आजीचं माहेर वाईचं. तिच्या भावाच्या नातवाने कपाटातून शोधून एक फोटो काढला आणि त्याच्या दोन्ही बाजू मला पाठवल्या. १९३८ सालचा फोटो. शाळेच्या पायर्‍यांवर अकरा मुली, नऊवारी नेसलेल्या, दोन बाजूंना दोन शिक्षिका. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या मुलींचा. आजची सातवी म्हणा, पण तेव्हा या परीक्षेवर शिक्षकाची नोकरी मिळायची. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने, एकाखाली एक, अकरा नावं आहेत. आजीच्या भावाने लिहिलेली. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, पण पेन्सिल जशीच्या तशी आहे. चौथं नाव आजीचं.

चौदा वर्षांची मुलगी. सरळ कॅमेर्‍याकडे बघते आहे. हनुवटी वर.

आत्याने मग पुढचं सांगितलं. आजीला शिक्षिका व्हायचं होतं. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं ठरत होतं. १९४० साली ती पुण्याला आली खरी, पण लग्न होऊन. एकदा, मुलं शाळेत जायला लागल्यावर, तिने पुन्हा विषय काढला होता. आजोबा नाही म्हणाले. मोठ्याने नाही, रागावून नाही, नुसतं "आता कशाला" म्हणाले. आणि ते तिथेच संपलं.

आमच्या घरात पानशेतची एक गोष्ट नेहमी सांगतात. पाणी येतंय म्हणून आरडाओरडा झाला, सगळे पर्वतीच्या बाजूला पळाले, पण आजी अर्ध्या वाटेतून परत गेली आणि देवांचा डबा घेऊन आली. आजीच्या श्रद्धेची गोष्ट म्हणून मी ती लहानपणापासून ऐकली आहे. आत्या म्हणाली, "देव होतेच रे डब्यात. पण तळाला तिचं फायनलचं सर्टिफिकेट होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, मी बघितलंय. त्याच्यावर तिचं पहिलं नाव होतं ना."

हे मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "काहीतरीच! डब्यात टाक होते आणि अन्नपूर्णा होती. मी स्वतः उघडला होता."

आत्या अठरा वर्षांची, बाबा चौदांचे. दोघंही तिथे होते आणि दोघंही आपल्या आईविषयी खोटं बोलणार नाहीत. सर्टिफिकेट आज कुठेच सापडत नाही.

मी पान तयार केलं. मधे १९३८ चा फोटो, खाली आत्याने सांगितलेलं आणि त्याखाली बाबांनी सांगितलेलं, दोन्ही ज्याच्या त्याच्या नावानिशी. आणि आजोबा काय म्हणाले तेही. पान बाबांना पाठवलं. बाबांचा आवाज चढला नाही, पण ते म्हणाले, "हे असलं कशाला लिहायचं? आईने कधी तक्रार केली नाही. आजोबा वाईट माणूस नव्हते. मुलं वाचतील आणि त्यांना दोष देतील." पुढचे दोन रविवार ते फोनवर नुसतं हवामान बोलले.

मी खूप विचार केला. बाबांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्याविषयी जपून बोलावं, हा आपल्याकडचा संकेत चांगलाच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की जपून बोलता बोलता आपण गेलेल्या बाईचं सगळंच पुसून टाकतो. तिचं हवं-नको, राग, चोरून बघितलेले सिनेमे. उरतं ते सोशिक, प्रेमळ, अन्नपूर्णा. ही विशेषणं म्हणजे चंदनी हारच. एकाच मापाचे, कोणाच्याही फोटोला चालतात. 'तिने कधी तक्रार केली नाही' हे वाक्य आपण कौतुक म्हणून म्हणतो. पण ते तिचं कौतुक आहे, की आपली सोय, हे मला आता सांगता येत नाही.

याबाबतीत अमेरिकेतल्या चिकटवह्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. दुकानातले स्टिकर बघा: वाढदिवस, समुद्रकिनारा, पहिला दात, पदवीदान. भांडणाचा स्टिकर नाही. दवाखान्याचा नाही. त्यांच्याकडे हसरे चेहरे, आमच्याकडे हार. मुद्दा एकच, की माणसाचे खडबडीत कोपरे कापून टाकायचे.

आपल्याकडे नोंदी ठेवण्याची परंपरा नाही असं मात्र कोणी म्हणू नये. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, हरिद्वारला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत. युटाच्या त्या मंडळींच्या संस्थेने हरिद्वारच्या वह्या मायक्रोफिल्मवरही घेतल्या. आमच्या कुलवृत्तांतात आजोबांविषयी आठ ओळी आहेत, नोकरी, बदल्या, निवृत्ती. आजीविषयी दीड ओळ. त्यात तिच्या वडिलांचं नाव आहे, गाव आहे, मुलांची संख्या आहे. तिचं पहिलं नाव नाही.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि आज्या सेल्फी काढतात. खरं आहे. माझ्याच खात्यात अडतीस हजार फोटो आहेत. फोन चेहरा ओळखतो आणि एका माणसाचे सगळे फोटो एका जागी लावून देतो. पण नाव आपण सांगितलं तरच त्याला कळतं. आणि शेंगा सोलता सोलता त्या दोघी कशावर हसत होत्या, हे तर त्याला कधीच कळणार नाही. शिवाय या गोष्टी टिकतातच असंही नाही. २००३ साली मी फोटोंच्या सीडी केल्या होत्या, त्यातल्या निम्म्या आता उघडत नाहीत. ऑर्कुटवर आपण सगळ्यांनी अल्बम चढवले होते, ते २०१४ साली बंद झालं. वाईच्या कपाटातली पेन्सिल मात्र चालू आहे!

हल्ली तर आणखी पुढची पायरी आली आहे. गेल्या वर्षी एका चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आजीचा व्हिडिओ पाठवला. भिंतीवरचाच फोटो, पण कृत्रिम बुद्धिमत्तेने हलता केलेला. आजी हसते, मान वळवते, हात जोडते. ग्रुपवर सगळ्यांनी रडक्या चेहर्‍यांची रांग लावली. मला बघवेना. आजी अशी कधी हसायची नाही. हसताना ती पदर तोंडावर धरायची, कारण तिचा पुढचा एक दात पडला होता. पण ही गोष्ट फोटोत नाही, म्हणून यंत्राला माहीत नाही. ज्याने तिला बघितलेलं नाही, त्याला आता तो व्हिडिओच खरा वाटेल. स्टुडिओवाल्याने निदान निळी पट्टी तरी शिल्लक ठेवली होती.

एवढं वाचून कोणाला करावंसं वाटलं तर मी चुका करून शिकलो ते सांगतो. मूळ फोटो कधी कापू नका, चिकटवूही नका. स्कॅन करा आणि छापलेली प्रत वहीत वापरा. मूळ फोटो वेगळे, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका; त्या कागदात लिग्निन असतं, ते पिवळं पडतं आणि फोटोलाही खराब करतं. १९८० च्या सुमाराला आलेले चिकट पानांचे, वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम सर्वांत वाईट. त्यातले फोटो आधी जागच्या जागी स्कॅन करा, मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवून सोडवा. निघत नसेल तर ओढू नका. जुने काळे-पांढरे फोटो चांदीचे असल्यामुळे बरेच टिकतात. त्या काळातले रंगीत मात्र अंधारात ठेवले तरी तांबूस होत जातात, म्हणून रंगीत आधी हातात घ्या. आपल्या दमट हवेत फोटो बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पाठीवर लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात.

आणि हे सगळं दुय्यम आहे. पहिलं काम म्हणजे घरातल्या सर्वांत जुन्या माणसाजवळ बसणं. फोन रेकॉर्डिंगला लावा आणि फोटो एकेक करून हातात द्या. "आजी कशी होती?" असं विचारू नका, प्रेमळ होती असंच उत्तर येईल. "ही शेजारी कोण?", "ही साडी कुठली?", "फोटो कोणी काढला?", "त्या दिवशी भांडण का झालं होतं?" असं विचारा. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा. खरं-खोटं ठरवायची घाई करू नका.

बाबांचं पुढे काय झालं तेही सांगतो. तिसर्‍या रविवारी फोनवर ते म्हणाले, "त्या पानात एक चूक आहे. आम्ही पर्वतीच्या बाजूला गेलो तेव्हा धाकटा माझ्या खांद्यावर होता, आईच्या कडेवर नव्हता. तिच्या हातात डबा होता ना." मी म्हटलं, दुरुस्त करतो. मग ते जरा थांबून म्हणाले, "आजोबांचं आहे ते राहू दे. पण हेही लिही, की म्हातारपणी ते तिला रोज पेपर वाचून दाखवायला लावायचे. त्यांना दिसत होतं. तरी." मी तेही लिहिलं.

आमची वही आता चौतीस पानांची झाली आहे. मोती आणि स्टिकर मुलीने केव्हाच पळवले. शेवटच्या पानावर १९९८ चा तो अंगणातला फोटो आहे, अख्खा, न कापलेला. धुणी आहे, सुरकुत्या आहेत, निळा शर्ट घातलेला मी आहे आणि माझ्या दंडावर तिचा हात आहे. त्याच्याखाली मी लिहिलं आहे, की तिने माझा दंड इतका जोरात धरला होता की दुखलं, आणि ती म्हणाली होती, "परत येशील तेव्हा मी असेन असं धरून चालू नकोस." हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणि पहिल्या पानावर तिचं नाव आहे. पेन्सिलीने, वाईच्या फोटोवर आहे तसंच. इथे लिहीत नाही, ते तिच्या वहीतच बरं आहे.

उद्या रविवार. आत्याला परत फोन करायचा आहे. अजून एकवीस फोटोंतल्या माणसांची नावं राहिली आहेत आणि आत्याला हल्ली लवकर थकवा येतो.